लोटूनानांचं बोलतं वाचनालय

लोटूनाना पाटील भलते तापट, हे आधीच सांगून टाकतो. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं, आणि थुंकी लावून पान उलटणाऱ्याला तर ते दारातही उभं करत नसत. अमळनेरकडून पोटासाठी सुरतला आले, पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर उमर काढली आणि छातीत खोकला घेऊन घरी बसले. मग खानदेशी मंडळींच्या मंडळाने त्यांच्या हातात वाचनालयाची किल्ली दिली. त्या दिवशी नानांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते.

वाचनालय म्हणजे काय, मंडळाच्या देवळामागची एक खोली. दोन लोखंडी कपाटं, बाक, पंखा. एके काळी पाळी सुटली की तिथे पाय ठेवायला जागा नसायची. ज्याला वाचता यायचं तो वाचायचा, बाकीचे ऐकायचे. आता बारा-बारा तासांच्या पाळ्या. सुटलेला माणूस घरी जाऊन आडवा होतो. पोरं गुजराती शाळेतली, त्यांना मराठी पुस्तक दाखवलं तर ती पळतात. नाना रोज कुलूप उघडायचे, धूळ झटकायचे आणि कोणी आलं नाही म्हणून घरी येऊन बायकोवर, धुरपदाबाईंवर, खेकसायचे. जसं काही तिनेच दारात उभं राहून लोकांना अडवलं होतं!

मंडळाचा नवा प्रमुख विकास. सुरतेतच जन्मलेला, कापड मार्केटमध्ये नोकरीला, बोलता बोलता गुजरातीत घसरणारा. पोरगा वाईट नव्हता. गणपती झाल्यावर त्याने सरळच विषय काढला.

"नाना, खोटुं नई लगाडता, वाईट वाटून घेऊ नका. पण खोलीत कोणी येत नाही आणि आपल्या मंडपाचं सामान बाहेर भिजतंय. दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर पुस्तकं पोत्यांत भरू."

पोत्यांत! पोत्यात गेलेलं पुस्तक परत बाहेर निघत नाही, हे नानांना पक्कं ठाऊक होतं.

"लोक येत नसतील तर मी पुस्तक घेऊन लोकांकडे जातो," ते म्हणाले.

"कसे?"

"ते तू सांग! दिवसभर त्या फोनला चिकटलेला असतोस ना?"

विकास हसला. पण त्याने खरोखरच व्हॉट्सअ‍ॅपवर वाचनालयाचा ग्रुप काढला, आवाज कसा भरायचा आणि कसा पाठवायचा ते नानांना दाखवलं, आणि गेला.

नानांनी एक जाडजूड कादंबरी निवडली. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे तिचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. जानकी नावाची बाई, तिचा नवरा कमवायला शहरात गेला तो परतलाच नाही, आणि ती त्याला शोधायला निघते, अशी ती गोष्ट. नानांनी घसा साफ केला आणि रेडिओवरच्या बातम्या सांगाव्यात तशी कादंबरी वाचून पाठवली. एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. दोघे ग्रुप सोडून गेले. एकाने भलत्याच लग्नाची पत्रिका पाठवली.

"मेल्यांना कदरच नाही!" नानांनी फोन गादीवर आपटला.

धुरपदाबाई शेजारी साडीवर चमचमते स्टोन चिकटवत बसल्या होत्या. आमच्याकडे घरोघरी बायका हे काम करतात, हात गुंतलेले आणि कान मोकळे. त्यांनी वर न बघता विचारलं, "तुम्ही कोनशी बोली राह्यनात?"

"ग्रुपशी."

"समोर तं कोनीच नही. हुंकार कोन दी राह्यनं?"

नानांनी पुस्तक मिटलं. गावाकडे त्यांचे वडील रात्री खळ्यावर गोष्ट सांगायचे, तेव्हा आधी हुंकार देणारा बसवायचे. वाक्य संपलं की त्याने "हं" म्हणायचं, अडलं की "मंग?" म्हणायचं. हुंकार थांबला की म्हातारा गोष्ट बंद करून सरळ झोपायला जायचा, मग राजा का मरेना तिकडे!

"मंग तू दे हुंकार," नाना म्हणाले.

धुरपदाबाईंनी हुंकार दिला, आणि नानांचा आवाजच बदलला. ते वाचता वाचता थांबू लागले, पुस्तकातलं मराठी मधूनच अहिराणीत सांगू लागले. "हं," धुरपदाबाई म्हणत. "मंग काय व्हयनं?" आणि जानकीचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर सिनेमाला गेल्याचं आलं, तेव्हा त्या हातातला गोंद ठेवून कडाडल्या, "अय माय वं! मुडदा बशाडा त्याना!"

नानांना वाटलं, ही निव्वळ तालीम. पण फोन आवाज भरतच होता, बोट नको तिथे पडलं आणि सगळं ग्रुपवर गेलं. नाना घामाघूम झाले. घाईघाईत त्यांनी ते पुसलं, आपल्या फोनवर दिसेनासं झालं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. फक्त स्वतःच्या फोनवरून पुसलंय, बाकी सगळ्यांच्या फोनवर ते तसंच आहे, हे त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी ते भाजीला गेले तर कोथिंबीरवाला म्हणाला, "हं, मंग?" दूधवाला म्हणाला, "नाना, मुडदा बशाडा त्याना!" नाना भाजी न घेताच घरी परतले. अब्रू गेली म्हणून ते कपाळाला हात लावून बसले, तेवढ्यात भेस्तान भागात राहणाऱ्या, मंडळातल्याच पुष्पाबाईंचा फोन आला.

"नाना, पुढचं कधी टाकताय? माझं स्टोनचं काम अडलंय हो! आणि काकूंना बसवा बरं का जवळ. त्या नसल्या तर मजा नाही."

मग काय! रोज दुपारी जानकी पुढे सरकू लागली. बायका काम करता करता ऐकत. हजीऱ्याच्या कारखान्यांत जाणारी माणसं कंपनीच्या बसमध्ये ऐकत. विकासची आई कमलताई तर पोळ्या लाटताना ऐकायच्या आणि पोळी करपवायच्या. जानकीने आता काय करावं यावर ग्रुपवर भांडणं होऊ लागली. नाना इतके खुशीत की त्यांनी दोन दिवस कोणावर आवाज चढवला नाही.

दिवाळी जवळ आली आणि विकास घरी आला.

"नाना, जोरदार चाललंय! म्हणजे आता खोलीची गरजच नाही. सगळं फोनवर होतंय ना!"

नानांना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या ग्रुपने वाचनालय वाचवायचं, त्यानेच ते गिळलं होतं. विकास गेल्यावर त्यांनी रागाने फोन उचलला आणि गोष्ट न वाचताच बोलले, "जानकीला नवऱ्याचं घर सापडलंय. ती दारात उभी आहे. पुढचं मी फोनवर सांगणार नाही. ज्याला पाहिजे त्याने रविवारी संध्याकाळी खोलीत यावं!"

"आनि कोनी उनं नही तं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"तं मीच पोती आनसू," नाना म्हणाले.

रविवारी बराच वेळ खोलीत दोघंच होते. मग पुष्पाबाई आल्या, साड्यांचं गाठोडं घेऊनच. मागून कमलताई. मग रात्रपाळीच्या जागरणाने डोळे लाल झालेली माणसं. कपाटांना पाठ टेकून, दारात, बाहेरच्या पायरीवर लोक बसले. पुस्तकांना किती पोती लागतील ते बघायला आलेला विकासही पायरीवर अडकला. नानांनी वाचायला सुरुवात केली. जानकीने दाराची कडी वाजवली, आणि नानांना खोकला आला. असा आला की थांबेना. पाणी प्यायले, परत आला. आवाज पार बसला. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोकल्याचंच होतं असं नाही.

"अरे, कोणीतरी वाचा रे!" पुष्पाबाई ओरडल्या.

"विकास, तू वाच," कमलताई म्हणाल्या.

"मम्मी, मला मराठी वाचायची सवय नाही..."

"हिंदी वाचतोस ना? अक्षरं तीच आहेत. वाच!"

विकासने पुस्तक घेतलं. जोडाक्षर आलं की तो ठेचकाळायचा, "ळ"चा "ल" करायचा. कोणी हसलं नाही. पहिलं वाक्य कसंबसं संपलं आणि त्याने घाबरून वर पाहिलं.

"हं," धुरपदाबाई म्हणाल्या. "मंग?"

त्याने दुसरं वाक्य वाचलं. मग तिसरं. जानकी नवऱ्याला काय बोलली, तिने त्याला माफ केलं नाही, ती एकटीच परत फिरली. कमलताई पदराने डोळे पुसत होत्या. प्रकरण संपलं. लोक सुस्कारे टाकत उठले, चपला शोधू लागले. नानांनी पुस्तकासाठी हात पुढे केला. विकासचं तिकडे लक्षच नव्हतं. पायरीवर बसल्या बसल्या त्याने पान उलटलं होतं आणि पुढचं प्रकरण तो एकटाच, ओठ हलवत, वाचायला लागला होता. नानांनी हात मागे घेतला आणि उठून दिवा लावला.