परत घेतलेली हवा

वारज्याच्या रस्त्यावर टायरचं दुकान चालवणारी बायडाबाई कुणाला घाबरत नसे. दारू पिऊन आलेल्या ट्रकवाल्यांना नाही, रस्ता मोजायला येणाऱ्या साहेबांना नाही, आणि सासूला तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनच नाही. तिला भीती होती फक्त हवेची. पण ती तिने कुणाला कळू दिली नव्हती. टायरवालीच हवेला घाबरते म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला थांबेल?

दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, संपतचं. निम्मं शेत रस्त्यात गेलं, उरलेल्यावर भाऊबंदांनी इमारती उठवल्या, तेव्हा संपतच्या वाट्याला रस्त्याकडेची चिंचोळी पट्टी आली. तिच्यावर त्याने पत्र्याची शेड घातली, कंप्रेसर आणला. सहा वर्षं बरी गेली. मग एका दुपारी ट्रकच्या चाकात हवा भरताना चाकाची लोखंडी कडी सुटली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर बसली. बायडाबाई तेव्हा भाकरी घेऊन नुकतीच दारात पोचली होती. आवाज असा झाला की तिला आधी काही ऐकूच आलं नाही. संपत वाचला, हातही राहिला, पण नुसता बाहीत घालायला.

दोन महिने दुकान बंद होतं. मग पोरांच्या तोंडाकडे बघून तिने पदर खोचला आणि टायर उचकटायची टामी हातात घेतली. तिसरी शिकलेली बाई, पण आकडे ओळखायची आणि हात जड होता. संपत स्टुलावर बसून सांगायचा, ती करायची. त्याचे धडे दोनच. एक, टायरच्या कुशीसमोर, म्हणजे बाजूच्या अंगासमोर, कधी उभं राहायचं नाही, फुटला तर तो कुशीतून फुटतो. आणि दुसरा, टायर कडेला नीट बसला की टण्ण करून वाजतो, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. दोन आवाज कानाने ऐकल्याशिवाय पुढे हवा भरायची नाही.

नऊ वर्षं तिने हे देवाच्या नेमासारखं पाळलं. हवा सोडायची, तोंड फिरवायचं, दात आवळायचे, आणि दोन आवाज झाले की मग श्वास घ्यायचा. लोक म्हणायचे, बाई कामात असली की बोलत नाही. कशी बोलेल?

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिच्या दारात एक घर येऊन उभं राहिलं. चाकांवरचं घर, ट्रकने ओढत आणलेलं. आत ओटा, झोपायचे बाक, खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात मोरीसुद्धा. कोण्या परदेशी संस्थेने ही अमेरिकन गाडी फिरत्या दवाखान्यासाठी कधीकाळी आणली होती, मग ती शेडमध्ये पडून राहिली, आणि शेवटी लिलावात ती घेतली सदाशिव पेठेतल्या यज्ञेश्वर गुरुजींनी. गुरुजींनी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर काठी फिरवून पोरांना सगळा देश दाखवला, आणि स्वतः कोल्हापूरच्या पुढे गेले नाहीत. आता निवृत्त झाल्यावर त्यांना तो देश बघायचा होता.

"गाडी उत्तम आहे," गुरुजी म्हणाले. "फक्त चालत नाही."

"का वो?"

"टायर फुटके. सहाही. आणि या मापाचे टायर आता त्यांच्या देशातही फारसे होत नाहीत म्हणे. आठ महिने पत्रं लिहितोय. लोक उत्तर पाठवत नाहीत, सहानुभूती पाठवतात."

शेवटी नाना पेठेतल्या एका दुकानदाराने त्यांना सोळा इंची सहा टायर दिले होते, हेच बसतील असं छातीठोक सांगून. बायडाबाईने जुन्या टायरवरचे आकडे पाहिले. आठ, मग सोळा, आणि पुढे एक अर्धा. जीपगाड्यांच्या टायरवर रुंदीच्या आकड्यापुढे असा अर्धा तिने शेकडो वेळा पाहिला होता. हाही तसलाच, रुंदीचा, आणि चाक सोळाचंच, असं तिने मनाशी धरलं. चुकलं ते इथे.

त्या दिवशी संपत मांजरी गावाला बहिणीकडे लग्नाला गेला होता. जुने टायर निघता निघेनात, नवे मात्र पटकन चढले. "हाताला यश आहे हो तुमच्या," गुरुजींच्या पत्नी, मंदाकिनीबाई, म्हणाल्या, आणि बायडाबाई नाही म्हटलं तरी फुलली. पण हवा काही टिकेना. इकडून भरावी, तिकडून सुसू करत निघून जावी. शेजारी उसाचा रस विकणारा हिंदुराव बघत होता.

"वहिनी, ट्यूबी घाला की आतनं. काय ते बिनट्यूबीचं अमेरिकन लाड!"

ट्यूब घातली. हवा राहिली. तेवढ्यात रस्त्यावर लग्नाची वरात आली, बँडवाल्यांनी कान फोडले, गुरुजी घाई करू लागले, कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी निघायचं होतं. सातवं, जादाचं चाक तिच्याकडेच राहिलं. त्याचा टायर पुढच्या आठवड्यात यायचा होता. संध्याकाळी ते घर डुलत डुलत पेठेकडे गेलं आणि बायडाबाईने हात धुतले.

सकाळी संपत परत आला. चहा पिताना त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सहज विचारलं, "आवाज आलं का दोन?"

बायडाबाईची बशी ओठांपाशी थांबली.

"बायडे, आलं का?"

"बँड वाजत हुता," ती म्हणाली.

संपत उठला. डाव्या हाताने त्याने सुतळी काढली. ते सातवं चाक आडवं होतं, त्याच्या जुन्या टायरला कापून काढायला तिला अर्धा तास लागला. मग त्याने जीपच्या सोळा इंची डिस्कच्या, नुसत्या लोखंडी चाकाच्या, बैठकीवरून, म्हणजे टायर जिथे टेकतो तिथून, सुतळी फिरवायला लावली आणि गाठ मारायला सांगितलं. तीच सुतळी अमेरिकन डिस्कला लावली. टोक गाठीला पोचेना. मध्ये दोन बोटं मोकळी राहिली.

"साडेसोळा हाय ही," संपत म्हणाला. "आन् काठ बघ, उतरता हाय. म्हणून टायर चढला गपकन. पर बसल कसा? हवा त्याला भाईर ढकलतीया, त्याला जाता येईना. टायरच्या कडंतली तार ताणत बसलीया. तुटली की..."

त्याने पुढे सांगायची गरज नव्हती. त्याचा उजवा हात तिथेच लोंबत होता.

औषधाच्या दुकानातून गुरुजींच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. निघाले होते. खेड शिवापूरला न्याहारी, मग वाई, हे मंदाकिनीबाईंनी तिला आदल्या दिवशी हौसेने सांगितलं होतं. आणि त्यांच्यासोबत चार वर्षांची नात होती.

हिंदुरावकडे एम-एटी दुचाकी होती. रसाच्या बर्फासाठी घेतलेली, मागे माणसापेक्षा बर्फाचीच सवय असलेली. बायडाबाई काही बर्फाच्या लादीएवढी हलकी नव्हती.

"वहिनी, घाट चढंल का ही दोघांस्नी घिऊन?"

"न चढली तर मी उतरून ढकलीन. चल तू."

कात्रजपर्यंत ती प्रत्येक वळणावर रस्त्याच्या कडेला बघत होती. कुठे माणसं गोळा झालीत का. कुठे काचा पडल्यात का. समोरून येणारा ट्रकवाला हसताना दिसला की तिला बरं वाटे, पुढे काही वाईट असतं तर हा हसला नसता. एक टँकरवाला गंभीर चेहऱ्याने गेला आणि ती पुढचा रस्ता डोळे ताणून बघू लागली. बिचाऱ्याचा चेहराच तसा असेल, पण त्या सकाळी तिला कुणाचा चेहरा धड वाचता येत नव्हता.

घाटात गाडी गुरगुरत चालण्याइतकी मंद झाली. ऊन तापलं होतं. रस्ता तापला की टायर तापतो, टायर तापला की हवा फुगते. कालची हवा तिने स्वतः भरली होती, काटा बघून, वर थोडी जास्तच. घर जड आहे म्हणून.

"हिंदुराव भावजी, जरा जोरात."

"ह्याच्या फुडं ही गाडी न्हाई, वहिनी, नुसता आवाज वाढतो."

बोगद्याच्या अंधारात ती डोळे मिटून बसली. पलीकडे उतारावर रस्ता मोकळा होता. तिथेही काही नव्हतं.

खेड शिवापूरला एका हॉटेलाबाहेर, कडुनिंबाखाली, ते पांढरं घर उभं होतं. सहाही पाय धड. पण पुढच्या चाकाला पाठ लावून, बरोब्बर त्याच्या कुशीवर टेकून, नात मातीत बसली होती आणि चमच्याने खड्डा खणत होती.

धावावं तर पोर दचकेल, ओरडावं तर इकडे बघत तिथेच बसून राहील. ती चालत गेली. आयुष्यात एवढं हळू ती कधी चालली नव्हती. पोरीला काखेत उचललं आणि मग मात्र पळत हॉटेलाच्या भिंतीमागे नेलं. पोरीने भोकाड पसरलं, मंदाकिनीबाई पोह्यांची बशी टाकून धावल्या, गुरुजी उठले.

"हे काय चाललंय? बाई, आपण इथे?"

"गुरुजी, टायरातली हवा काढायची हाय. सगळी. आत्ता."

गुरुजींनी चष्मा पुसला. "म्हणजे काल घातलेली हवा आज परत न्यायला आलात? पिशवी आणलीत का?"

लोक हसले. बायडाबाई हसली नाही. तिने कमरेला खोचून आणलेली ती सुतळी काढली, दोन बोटांचं अंतर दाखवलं, आणि जे घडलं होतं ते सरळ सांगितलं. चूक माझी, म्हणाली. वरातीचं, हिंदुरावाचं, दुकानदाराचं नाव घेतलं नाही. गुरुजींच्या ओठांवर अजून एखादं वाक्य तयार असावं, पण त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं अजून तशीच धरलेली होती. "सगळे भिंतीमागे व्हा," ते शाळेतल्या आवाजात म्हणाले, आणि सगळं हॉटेल भिंतीमागे झालं.

मग तिला एकटीला जावं लागलं.

पुढची दोन चाकं सोपी होती. टायरच्या पाठीकडे, रस्त्याला टेकणाऱ्या अंगाकडे, उकिडवं बसायचं, हात लांब करून हवा भरायच्या तोंडावरची पिन फिरवायची. सोपी म्हणजे करता येण्यासारखी. घामाने पिन दोनदा निसटली. हवा सुटली तेव्हा तिच्या हातावर गरम फुंकर आली, तापलेल्या माणसाच्या श्वासासारखी. मागची बाहेरची दोन तशीच झाली.

राहिली आतली दोन. मागे एकेका बाजूला दोन-दोन चाकं जोडलेली, आणि आतल्याचं तोंड त्या दोघांच्या फटीत. तिथे पाठीकडून हात पोचत नाही. गाडीखाली जाऊन, टायरच्या कुशीला गाल लावूनच पिन काढावी लागते. संपतचा पहिला धडा मोडल्याशिवाय ते काम होत नव्हतं.

ती आडवी झाली. उजवीकडचं निघालं. डावीकडे सरकली, हात घातला, पिनेला नख लागलं, आणि टायरच्या आत टिंग असा बारीक आवाज झाला. जोडवं वाजावं तेवढा. तार. एक पदर तुटला होता.

पळून जावं असं तिच्या प्रत्येक हाडाने सांगितलं. पण पिन अर्धी फिरली होती, आणि ती सोडून उठलं तर परत इथे यायचं धैर्य आपल्याला होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसरा टिंग झाला. तिने डोळे मिटले, पोरांची नावं घेतली, देवाचं घ्यायचं राहूनच गेलं, आणि पिन फिरवली. हवा सुटली. सुटतच राहिली. एवढी हवा आपण भरली होती, याचं तिला नवल वाटलं.

भिंतीमागून गुरुजींनी विचारलं, "बाई? बाई, आहात ना?"

"हाय," ती गाडीखालून म्हणाली. उठवेना म्हणून तिथेच पडून राहिली. मंदाकिनीबाईंनी तिला हाताला धरून बाहेर काढलं. तिच्या गालावर टायरची काळी नक्षी उठली होती. हवा गेलेल्या त्या टायरच्या नि डिस्कच्या मध्ये गुरुजींनी चार बोटं घालून पाहिली, अलगद गेली.

घर तिथेच सतरा दिवस विटांवर उभं राहिलं. साडेसोळाचा नाद सोडायचा, डिस्कच बदलायच्या, हे संपतने ठरवलं. आठ बोल्टांच्या, मधलं भोक तेवढ्याच मापाचं असलेल्या सोळा इंची डिस्क त्याने आणि हिंदुरावाने भंगारवाल्यांकडे हिंडून जमवल्या. एक वाकडी निघाली, ती परत केली. नवे टायर, नव्या ट्यूबा. या वेळी बायडाबाईने आवाज झाल्याशिवाय एक पौंड हवा पुढे सोडली नाही, आणि हॉटेलवाल्याला रेडिओ बंद करायला लावला.

काम झाल्यावर गुरुजी चाकांकडे बघत उभे राहिले. आत चढेनात. मंदाकिनीबाईही नातीचा हात घट्ट धरून झाडाखालीच.

"शंका नाही," गुरुजी म्हणाले, "पण पाय उचलत नाही."

बायडाबाईने टामी खाली ठेवली. "लिहून देयाला मला येत न्हाई, गुरुजी. मी बसते."

ती चढली आणि मागच्या बाकावर, डाव्या आतल्या चाकाच्या बरोबर वर, जाऊन बसली. मग गुरुजींनी गाडी सुरू केली. वाईकडे नाही, आधी तिला घरी सोडायला पुण्याकडे, घाटातून. मंदाकिनीबाईंनी चालत्या गाडीत तिला चहा दिला, आपल्या घरात पाहुणीला द्यावा तसा. एका हाताने खिडकीची दांडी धरून बायडाबाईने दुसऱ्या हाताने कप घेतला. अर्धा चहा लुगड्यावर सांडला. ती दांडी सोडायला तयार नव्हती.

"भाजलं का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"भाजू द्या," ती म्हणाली. "गुरुजींना सांगा, वळणावर हळू."