छातीवरची वेळ

मुरबाडला आमच्या शाळेच्या मैदानावर किरणोत्सर्गाच्या अपघाताची रंगीत तालीम होती. जखमी म्हणून स्ट्रेचरवर मला, शाळेतल्या बाईंनाच, झोपवलं होतं. धोक्याच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीच्या आत बचावाला येणाऱ्या कुणी पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही, असा नियम होता.

पांढऱ्या सूटमध्ये अग्निशमन दलाचा एक माणूस आला. मास्कमागे नुसते डोळे दिसत होते. बाकीच्यांनी छातीवरच्या चिकटपट्टीवर नाव लिहिलं होतं; याने आत शिरल्याची वेळ लिहिली होती.

तो मला स्ट्रेचरला बांधू लागला. पायाचा पट्टा तेवढा बांधायचा राहिला, आणि मनगटावर नजर टाकून तो उठलाच.

"अहो दादा, एवढं बांधून जा की! खोटंच तर आहे," मी वैतागले.

"खोट्यात थांबलो तर खऱ्यात पन थांबेन, बाई. हा सूट धूळ अडवतो, किरणं नाय अडवत. माझा टाइम झाला."

जाता जाता तो आत येणाऱ्यावर ओरडला, "वेळ लिवलीस का रे?"

दुसरा बकलाशी झटापट करत बसला. दोरीपलीकडे पहिला दोन्ही हात पसरून तपासणीच्या यंत्रासमोर उभा होता, जराही न हलता. मी माझ्या घड्याळात पाहिलं; दुसऱ्याला आत येऊन पाच मिनिटं झाली होती.

"दादा, पट्टा राहू द्या," मी म्हणाले. "तुमचा टाइम झाला."