कासमच्या हातची कॉफी

जुन्नरच्या पेठेत १९१० च्या सुमारास कासमचं कॉफीचं दुकान फार चालायचं, आणि तिथली कॉफी फार वाईट असायची. हे मी कुचकेपणानं म्हणत नाही. मी कचेरीत नक्कलनवीस होतो, दिवसातून दोनदा तिथं बसायचो, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे.

दोष कासमचा नव्हता. तरुणपणी पुण्याच्या लष्करात एका साहेबाच्या स्वयंपाकघरात तो कॉफी शिकला होता. किती उकळायची, दूध केव्हा घालायचं, जायफळ केव्हा किसायचं, सगळं त्याला मुखोद्गत. पण रविवारच्या बाजाराला येणारे शेतकरी मुसलमानाच्या हातचं पाणी पीत नसत. आम्ही शहाणेसुरतेही पीत नव्हतो. चूल एक, किटली एक. तिला कासमचा हात लागला असता तर निम्मं दुकान उठून गेलं असतं. म्हणून त्यानं आणे गावचा सावळाराम कामाला ठेवला होता. कुकडी नदीवरून पाणी आणायचं सावळारामनं, चूल पेटवायची त्यानं, पेले विसळायचे त्यानं. मालक चार हात लांब बाकड्यावर बसून नुसता तोंडानं कॉफी करायचा.

"उतरव राव, उतरव! कडू व्हईल!"

"व्हऊ द्या की कासमभाऊ. जरा कडक लागंल."

सावळाराम माणूस लाखातला, पण कॉफी पिठल्यासारखी रटरटवायचा. पिंपरी पेंढारचे मिरचीवाले वर चमचाभर साखर मागून घ्यायचे आणि डोळे मिटून पिऊन टाकायचे. तरी दुकानात बसायला जागा नसायची, कारण लोक यायचे ते कासमसाठी. कुणाची म्हैस व्याली, कुणाची लेक नांदायला गेली, सगळ्याची तो चौकशी करायचा आणि पुढच्या बाजाराला ती त्याच्या ध्यानात असायची.

एकदा दुकान रिकामं असताना तो मला म्हणाला, "भाऊसाहेब, घरी बिबिजानला मी रोज माझ्या हातानं कॉफी करून देतो. ती म्हणती, लई चांगली झाली. बायकोच ती, दुसरं काय म्हणणार? भरल्या बाजारात एकदा तरी कुणी माझ्या हातची प्यावी आन् कशी झाली ते सांगावं. मग मला काय बी नको."

मला त्याची कीव आली. मी मान हलवली आणि सावळारामनं केलेली कॉफी संपवली.

पौषातल्या एका रविवारी दुकान खचाखच भरलेलं असताना सावळारामला हुडहुडी भरली. पाणी आणून झालं होतं, चूल पेटली होती, आणि तो तिथंच घोंगडी ओढून आडवा झाला. कासमनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिलं आणि सगळ्यांना हात जोडले.

"मंडळी, आज दुकान बंद. माफी करा."

घोंगडीतून आवाज आला, "बंद कशापायी? मला लई थंडी वाजतीया. कॉफी द्या."

"आरं, पन करनार कोन?"

"तुमी."

सावळारामचा चुलतभाऊ भगवंत गिऱ्हाइकांतच बसला होता, तो ताडकन उभा राहिला. "सावळ्या, तापात बरळू नगं. भावकी वाळीत टाकंल तुला. पोरीचं लगीन व्हायचंय तुझ्या."

"ठावं हाय मला. करा वो कासमभाऊ."

भगवंत पाय आपटत निघून गेला, त्याच्यामागं आणखी सात-आठ जण गेले. आणि तो बोलला ते काही खोटं नव्हतं. पुढं वर्षभर आणे गावात सावळारामला कुणी पंगतीला बसू दिलं नाही. मी उठलो नाही, पण माझा पेला पुढं करायचीही छाती झाली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

कासम चुलीपाशी बसला. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं काम, पण जायफळ दोनदा हातातून राखेत पडलं. शेवटी त्यानं किटली उतरवली, पेला भरला, सावळारामला उठवून भिंतीला टेकवलं आणि पेला त्याच्या ओंजळीत दिला. कशी झाली हे विचारायचं धाडस काही त्याला होईना. तो समोर उकिडवा बसून राहिला.

सावळारामनं एक घोट घेतला. थांबला. मग पेला रिकामा होईपर्यंत त्यानं तोंड बाजूला केलं नाही.

"कासमभाऊ," तो म्हणाला, "इतकी वर्सं तुमी मला सांगत व्हता, ती ही व्हय?"

भरल्या दुकानात कासमच्या डोळ्यांना धार लागली. "हीच रं," तो म्हणाला. "हीच."