उलट्या बादलीवरच्या बाई

सोसायटीतलं एक भटकं कुत्रं भुंकून भुंकून डोकं उठवत होतं. शेवटी गाडीत घालून मी त्याला एकलहऱ्याच्या रस्त्यावरच्या एका शेल्टरला न्यायला निघालो. निघताना त्याच्यासोबत फोटो काढून स्टेटस ठेवलं: ‘आज एका मुक्या जिवाला घर मिळवून दिलं!’

शेल्टरच्या दारात एक बाई उलट्या बादलीवर बसून एका कुत्र्याच्या कानातल्या गोचिडी काढत होत्या. त्यांचा ग्रुप दर रविवारी इथे येतो, कुत्री धुवून-पुसून त्यांना घरं शोधून देतो, म्हणजे आतली गर्दी जरा कमी होते. मान वर न करताच त्या म्हणाल्या, “आत एकेका पिंजऱ्यात पाच-पाच आहेत. तुमच्या फ्लॅटला खोल्या किती?”

“तीन.”

“माणसं?”

“आम्ही दोघंच.”

“मग तुमच्याकडे कुठंय गर्दी, दादा?”

माझ्या तोंडाकडे त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही. माझ्या कुत्र्याचे कान पाहिले, दात पाहिले, आणि त्याला परत माझ्याच गाडीत बसवलं.

आता ते आमच्या सोफ्यावरून भुंकतं आणि शेजारी तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. स्टेटस मात्र खरं ठरलं.