वाघिणीच्या सदतीस गाठी

तोरा जपानी पंचांगातल्या वाघाच्या वर्षी जन्मली, एवढाच तिचा गुन्हा. वाघ हजार कोस जातो आणि हजार कोस परत येतो, म्हणून असली बाई सासरी टिकत नाही, माहेरी परतते, असं तिच्या सासूनं, मिसाओबाईंनी, मनाशी पक्कं केलं होतं. मग तिसऱ्या वर्षी त्यांनीच तिला घालवून दिली. झालं भाकीत खरं! तेव्हापासून तोरा नानाओच्या बंदरावर मासेमारीची जाळी दुरुस्त करून पोट भरत होती.

पुढे चीनमध्ये लढाई पेटली आणि तोराचा भाव वधारला. शिपायाच्या कापडी कमरपट्ट्यावर हजार बायकांनी लाल दोऱ्याची एकेक गाठ घालायची, म्हणजे त्याला गोळी लागत नाही. वाघाच्या वर्षीच्या बाईला मात्र वयाइतक्या गाठी घालता येतात, कारण तोच, वाघ परत येतो! बायका तिला रस्त्यात अडवू लागल्या.

एक दिवस खुद्द मिसाओबाई कमरपट्टा घेऊन दारात. आता त्या शिपायांना निरोप देणाऱ्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई होत्या.

"शुनजीला बोलावणं आलंय. सदतीस गाठी घाल."

"का हो सासूबाई? वाघिणीचं परतणं तेव्हा टोचत होतं ना?"

"मार हवे तेवढे टोमणे. पण घाल."

शुनजी म्हणजे धाकटा दीर. त्याला तोरानं पाठीवर बांधून वाढवलं होतं. तरी तिनं सुई उचलली नाही.

"एक अट आहे. स्टेशनवर दुसऱ्यांच्या पोरांना सांगता ना, देशासाठी हसत मरा म्हणून? शुनजीला सांगायचं, परत ये. सगळ्यांदेखत, मोठ्यानं."

"डोकं फिरलंय का तुझं? पोलीस असतात तिथं, असं बोललं की पकडतात!"

"मग न्या तुमचा पट्टा."

मिसाओबाई पट्टा उचलून दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि परत येऊन तो तिच्या मांडीवर टाकला. तोरानं जाळ्याला घालते तशा पक्क्या गाठी घातल्या.

स्टेशनवर झेंडे, जयघोष. मिसाओबाईंची दातखीळ बसलेली. गाडी हलली, तशी तोरा गर्दीतून ओरडली, "अहो, तोंड उघडा!"

"शुनजी!" मिसाओबाईंचा आवाज चिरकला. "मेलास तर याद राख! परत ये!"

जयघोष थांबला. पोलीस धावत आला. "कोण बोललं हे?"

"मी," तोरा पुढे झाली.

"खोटं बोलतेय ती." मिसाओबाईंनी खांद्यावरची मंडळाची पट्टी काढून त्याच्या हातात कोंबली. "मी बोलले. आणि तो घरी येईपर्यंत रोज बोलणार."