मधूच्या कुंडीतलं दुसरं ऑर्किड

ही गोष्ट सांगायची मी चार वर्षं टाळली. माझा धाकटा भाऊ मधू जाऊन आता दीड महिना झाला. पांढुर्ण्यात त्याच्या तेरवीला जो तो मला म्हणत होता, तुमच्या हाताला गुण आहे, मधूचं झाड तुम्हीच जगवलं. मी मान खाली घालून जेवत राहिलो... ते खरं नाही.

मधू शाळेतून निवृत्त झाला तेव्हा मुलीने त्याला ऑर्किडची कुंडी दिली होती. काडीवर पतंग बसल्यासारखी पांढरी फुलं. हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जाताना ती तो सौसरला माझ्याकडे ठेवून गेला. फुलं तेव्हा एकेक गळत होती. "दादा, फुलं गेले म्हणून मेलं समजू नको," गाडीत बसल्या बसल्या तो सांगत होता. "काडी हिरवी आहे तोवर कापू नको. मुळं चांदीसारखे दिसले का पाणी दे, अन् सारं वाहून जाऊ दे." कुंडीत माती नव्हतीच, नुसते सालीचे तुकडे. चाळीस वर्षं संत्र्याची बाग केलेल्या मला मास्तर भावाने पाणी शिकवावं, याचं हसू आलं. संत्र्याला बहार हवा तर आम्ही ताण देतो. महिना-दीड महिना पाणी तोडतो, पानं मलूल झाली की सोडतो, आणि बाग फुलाने भरते. मधू परत येईल तेव्हा त्याला फुलं दाखवायची, म्हणून मी ऑर्किडलाही ताण दिला. पानं सुरकुतली तेव्हा खूशच झालो. मग पाणी सोडलं, तर पानं हातात आली. मुळं दाबून पाहिली, पोकळ.

मधूचा दवाखान्यातला मुक्काम लांबला होता, तिथून तो रोज आधी झाडाचं विचारायचा. "पाहून राहिला ना?" "पाहून राहिलो." माझी बायको म्हणाली, सांगून टाका. पण ते झाड तगलं तर मीही तगेन, असं तो मालतीला, त्याच्या बायकोला, बोलून बसला होता. शेवटी नागपूरच्या एका नर्सरीतून तसंच, कळ्या आलेलं ऑर्किड आणलं आणि त्याच्या कुंडीत बसवलं.

मधू घरी आल्यावर मी कुंडी पांढुर्ण्याला नेऊन दिली. त्याने कळ्यांवरून बोट फिरवलं, त्याचे डोळे भरून आले. पुढे फुलं आली की मला फोटो यायचा. एकदाच म्हणाला, "दादा, याचे पानं पहिले रुंद होते ना?" बसची वेळ झाली म्हणून मी उठलो. तेव्हा तो हसला होता का, ते नीट आठवत नाही... रोज आठवून पाहतो.

शेवटच्या भेटीला सांगायचंच ठरवून गेलो होतो. तो खाटेवरून कुंडीकडे बघत होता. "काहून गप्प?" म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

तेरवीनंतर मालतीने ती कुंडी माझ्याच हाती दिली, तुम्हीच जगवाल म्हणाली. आता ती माझ्या खिडकीत आहे. फुलं गळून गेलीत, काडी हिरवी आहे. मुळं चांदीसारखी दिसली की पाणी देतो, वाहून जाऊ देतो, तरी दिवसातून चारदा पानं चाचपतो. आणि दर वेळी त्या खाटेशी बोलायचं राहिलेलं ओठांवर येतं. मधू, हे तुझं झाड नाही. तुझं मी मारलं. मला माफ कर.