मॉडबाईंच्या दोन वह्या

मॉड टफनेल हट्टी आहेत असं कुणी तोंडावर म्हटलं, की त्या म्हणायच्या, "आईवर गेलेय." विषय संपला! इंग्लंडातल्या त्या लहानशा गावचं पोस्ट त्यांनी एकतीस वर्षं चालवलं आणि हुजूर पक्षाची गावशाखा त्याहून जास्त. हुजूर पक्ष म्हटलं की लोकांना हवेल्या आणि घोडे आठवतात. बाईंचा बाप गाड्यांची चाकं बनवणारा सुतार होता. पण मोडलेलं चाक फेकण्याआधी दुरुस्त होतंय का ते बघावं, हे त्या घरात पाळण्यातच शिकवलं होतं.

मागे एकदा नव्या पाद्रीबुवांनी दफनभूमीच्या फाटकाचा खालचा आडवा दांडा काढून टाकला. कुरूप दिसतो म्हणे! बाई म्हणाल्या, "तो कशाला लावला होता ते तरी विचारा आधी." पाद्रीबुवा हसले. तिसऱ्या दिवशी मेंढ्यांनी आत घुसून म्हाताऱ्या कर्नलच्या ताज्या थडग्यावरची फुलं देठांसकट फस्त केली. तेव्हापासून गावात काहीही मोडायचं निघालं, की कुणीतरी विचारतंच, "मॉडला विचारलंत का?"

मतदानाच्या दिवशी बाईंची जागा ठरलेली. शाळेच्या दाराबाहेर खुर्ची, छातीवर निळी फीत, मांडीवर वही. येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा यादीतला क्रमांक विचारायचा आणि लिहायचा. तासातासाला चिठ्ठी पक्षाकडे जायची. आपलं कोण अजून आलं नाही ते तिथं कळायचं, मग त्याचं दार ठोठावून त्याला घराबाहेर काढायचं. शेजारच्या खुर्चीत लाल फीत लावलेले इड्रिस प्रॉसर बसायचे. रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेला हा वेल्श माणूस मजूर पक्षासाठी हेच काम करायचा. बावीस वर्षं दोघं असे शेजारी शेजारी बसत होते आणि एकमेकांच्या घरी चहाला एकदाही गेले नव्हते. पण एकाला उठावं लागलं, की दुसऱ्यानं दोन्ही वह्यांत लिहायचं. हा नियम कुठं छापलेला नव्हता. बाईंची आई त्या खुर्चीत बसायची तेव्हाही असंच चालायचं.

एका वर्षी मे महिन्यातल्या निवडणुकीत बाईंचा धाकटा भाऊ हंफ्री उभा होता. वीस वर्षं जिल्हा परिषदेची जागा त्याच्याकडे होती. या खेपेला मजूर पक्षानं शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंना उभं केलं होतं. त्यांच्या हातची पुडिंगं खाऊन निम्मं गाव लहानाचं मोठं झालेलं, त्यामुळे हंफ्रीची झोप उडाली होती.

"काय राणीसरकार," सकाळी इड्रिस म्हणाले, "भावाला निरोपाचं भाषण लिहून दिलंत का?"

"तुमचं जुनं पाठवलंत तर बरं होईल. दरवेळी तेच वापरता ना?"

दुपारी तीनला निरोप आला. इड्रिसची बायको ब्लॉडवेन जिन्यावरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. म्हातारा उभा राहिला आणि वही हातात धरून तसाच थांबला.

"मॉडबाई, माझ्या जागी बसायला आज कुणी नाही..."

"माझे हात मोडलेत का? द्या ती इकडे आणि पळा!"

तिथून पुढं बाईंच्या मांडीवर दोन वह्या. क्रमांक दोनदा लिहायचा. मजूर पक्षाची एक बाई तासातासाला सायकलवरून यायची, चिठ्ठी न्यायची आणि ओशाळून थँक्यू म्हणायची.

सहाला हुजूर पक्षाच्या जिल्हा कचेरीतून फिलिपा आली. तिशीची, हुशार, कायम घाईत. तिनं दोन वह्या पाहिल्या आणि तिचा पाराच चढला.

"मिसेस टफनेल, तुम्ही त्यांचं काम करताय?"

"इड्रिसचं करतेय."

"अहो, त्यांची माणसं या चिठ्ठ्यांवरूनच घरोघर जातायत! बरं, लिहू नका असं नाही म्हणत मी. दहापंधरा आकडे इकडचे तिकडे करा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

"उभा तुमचा सख्खा भाऊ आहे! तुम्हाला त्याची जागा टिकवायची आहे की नाही?"

"टिकवायची म्हणूनच सकाळी सातपासून बसलेय, पोरी. जागा गेली तर चार वर्षांनी परत मिळवता येते. या दोन खुर्च्यांमधला भरवसा एकदा गेला, की तो परत कुठून आणशील? तो काही तू आणि मी केलेला नाही. आयता मिळालाय. मोडायचा हक्क नाही आपल्याला."

फिलिपा पाय आपटत गेली. बोलायला सोपं असतं हो. खरी परीक्षा पुढंच होती.

साडेसातनंतर मजूर पक्षाची माणसं गाडीतून एकेकाला आणू लागली. म्हातारा डॉकेट चक्क घरातल्या सपाता घालून आला. गवंड्याची दोन्ही पोरं तोंडातला घास गिळत आली. बाईंना एकेक चेहरा माहीत होता, आणि कोण कुणाला मत देतं तेही. त्यांनीच लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांमुळं ही माणसं घराबाहेर पडली होती. एक, दोन, पाच, नऊ... अकरा मोजली त्यांनी. शेवटी शेवटी पेन्सिल इतकी दाबून धरली होती, की तिचं टोकच मोडलं. पर्समधून दुसरी काढली आणि पुन्हा लिहायला लागल्या. रात्री दहाला दार बंद झालं तेव्हा दोन्ही वह्यांतले आकडे तंतोतंत सारखे होते.

शुक्रवारी सकाळी मोजणी झाली. हंफ्री चार मतांनी पडला.

फिलिपानं सगळं हंफ्रीच्या कानावर घातलंच. शाखेचं अध्यक्षपद बाईंच्या हातून गेलं. त्याचं त्यांना काडीइतकंही वाटलं नाही. पण हंफ्री तीन आठवडे फिरकला नाही, रविवारच्या जेवणालासुद्धा नाही, आणि ते मात्र जिव्हारी लागलं. बाई दर रविवारी त्याचं ताट मांडायच्या आणि तसंच उचलून ठेवायच्या.

चौथ्या रविवारी तो आला. टोपीसुद्धा काढली नाही.

"चार मतं, मॉड! तूच पाडलंस मला."

"हो."

"आकडे बदलावेत असं एकदाही वाटलं नाही?"

"वाटलं ना. डॉकेट सपाता फटफटवत आला तेव्हा तर फारच."

"मग?"

"मग काय? लिहिला त्याचा आकडा."

हंफ्रीनं टोपी काढून खुंटीला लावली आणि मटण कापायला सुरी मागितली. त्या दिवशी निवडणुकीचं नावसुद्धा निघालं नाही.

इड्रिसना हे कळलं ते ब्लॉडवेन कुबड्यांवर चालायला लागल्यावर. ते धापा टाकत बाईंच्या फाटकाशी आले. "अहो, तुम्ही लिहायचं थांबला असतात तर मी चकार शब्द काढला नसता."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर थांबता आलं नाही."

चार वर्षांनी हंफ्री पुन्हा उभा राहिला. बाईंच्या गुडघ्यांनी आता पुरता संप पुकारला होता. कचेरीनं कळवलं, की दाराशी कुणाला बसवू नका, आता सगळं फोनवर होतं. हंफ्रीनं ते पत्र चुलीत घातलं. आईची निळी फीत लावून तो स्वतःच त्या खुर्चीत बसला. शेजारी इड्रिस होतेच, आणखी वाकलेले.

बाई समोरच्या पोस्टाच्या खिडकीतून बघत होत्या. दुपारी एकला हंफ्रीच्या औषधाच्या गोळीची वेळ झाली. तो उठला, आपली वही इड्रिसच्या मांडीवर ठेवली आणि घराकडे चालू लागला. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.